कृपा म्हणजे पापाला मोकळीक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती माणसाला पापाची क्षमा फुकट मिळते, त्यामुळे रविवारी उपासनेला जाऊन आला की आठवडाभर हवे तसे वागायला तो मोकळा, असा समज आपल्या भागात बराच रुजला आहे. इतर धर्मांच्या बांधवांना त्याबद्दल दोष देता येत नाही, कारण आमच्यापैकी अनेकांच्या वागण्यातून त्यांना वेगळे काही दिसलेलेच नाही. शंका मात्र नवी नाही. कृपा, म्हणजे लायकी नसताना फुकट मिळणारी देवाची दया, वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, असा प्रश्न बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने स्वतःच उपस्थित केला असून, त्याला ठाम नकार देऊन तो पुढे म्हणतो की, जे कृपेच्या अधीन आहेत त्यांच्यावर पापाची सत्ता चालणार नाही.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या लूककृत शुभवर्तमानातील जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशूने त्याच्याकडे आधी हिशेब मागितला नाही. त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले, आणि पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून गावाने कुरकुर केली. त्यानंतर जक्कय आपण होऊन उभा राहिला आणि निम्मी मालमत्ता गोरगरिबांना, तसेच ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे त्याने जाहीर केले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरला की पुरे होते. चौपट भरपाई मेंढरू चोरून कापणाऱ्यासाठी किंवा विकणाऱ्यासाठी होती. म्हणजे नियमाने जेवढे मागितले असते त्याहून कितीतरी अधिक कृपेने त्याच्या हातून सुटले.

हीच कसोटी आपल्या गावात लावून पाहावी. नांगरटीच्या वेळी शेजाऱ्याचा बांध कोरून वीतभर जमीन आपल्या रानात ओढणारा, कापसाच्या वजनात मारणारा, दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा माणूस प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीला, बसत असेल, तर त्याचा पश्चात्ताप त्या बांधापर्यंत, त्या काट्यापर्यंत आणि त्या घरापर्यंत गेलाच पाहिजे.

हा पश्चात्ताप तिथवर निव्वळ निर्धाराने जात नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जे करू नये असे वाटते तेच आपण करतो, ही पौलाची कबुली शपथ घेऊन दारू सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. धिक्काराच्या भीतीने माणूस आपले पाप लपवतो, आणि लपलेले पाप आतून त्याच्यावर हुकूमत गाजवत राहते. देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये स्वीकारले आहे याची खात्री पटलेला माणूस मात्र एखाद्या विश्वासू बंधूपुढे तोंड उघडू शकतो, मजुरीचे पैसे घरधनिणीच्या हाती देऊ शकतो, आणि पुन्हा घसरला तरी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला उभा राहू शकतो. हे एका दिवसात होत नाही. बायबलमधील तीताला लिहिलेल्या पत्रात कृपा आपल्याला अभक्तीचा त्याग करायला शिकवते असे म्हटले आहे; शिकण्याला वेळ लागतो आणि सोबतही लागते.

जालन्याच्या परिसरात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी 19व्या शतकात सुवार्ता सांगितली. आज इथल्या कित्येक कुटुंबांत ख्रिस्ती नाव पिढीजात आहे, पण अनुभव पिढीजात मिळत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना पुढे काही वर्षांनी उमगले. एवढ्या विदुषीला हे मान्य करण्यात कमीपणा वाटला नाही, तर आम्हाला का वाटावा?

म्हणून मराठवाड्यातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना (धर्मगुरूंना) आणि वडीलजनांना माझी कळकळीची विनंती आहे की, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील संदेश वधस्तंभावरील क्षमेपाशी थांबवू नयेत. बांधाचे वाद, बुडवलेली उधारी, भावाभावांतील अबोला आणि व्यसन यांविषयी नावे न घेता, पण मोकळेपणाने बोलावे, आणि ज्याला कोणाचे काही परत करायचे आहे त्याच्याबरोबर त्या दारापर्यंत जाण्याची तयारी ठेवावी.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, जालना