घरं मोजायची की आईला काय येतं ते?

प्रिय बंड्या,

इथे सगळे ठीक, आईचा गुडघाही आता बरा आहे. मुद्द्याचं सांगतो. नव्या देणगीदाराला सेविकांचं मानधन ‘जितकी घरं तितके पैसे’ असं हवंय. ऐकल्यापासून बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेचं काम डोक्यातून जात नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

1980 ते 1990 मध्ये ब्रॅकच्या बायकांनी एक कोटीहून अधिक घरांत लवण-गूळ, म्हणजे जुलाबावर पाजायचं मीठ-गुळाचं पाणी, शिकवलं. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. (मूठ बाईची. तुझ्या पंजाने घेतला तर काकवीच व्हायची.) मीठ जास्त पडलं तर आधीच सुकलेल्या पोराच्या रक्तात सोडियम चढतं, झटके येतात. म्हणून नुसतं सांगून भागत नसे. आईकडूनच करवून घ्यायचे, भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यायचे.

आणि पगार? काही आठवड्यांनी दुसराच माणूस निवडक घरांत जायचा. आईला शिकवलेले मुद्दे विचारायचा, मिश्रण करायला लावायचा, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. तिला किती आठवतं आणि मीठ किती पडलं, यावरून श्रेणी ठरे, श्रेणीवरून शिकवणारीचे पैसे. पैसे कामाला बांधले की खोट्या नोंदी सुरू होतात, यावरून तू माझ्याशी रात्रभर भांडला होतास. तुझं खरंच होतं, पण इथे नोंद शिकवणारीच्या हातात नव्हतीच रे!

तरीही सुरुवातीला फसलं. आयांना सगळं पाठ, पण पोराला जुलाब लागले की करून पाजणाऱ्या थोड्याच. खोलात गेल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना नव्याने शिकवलं, ते पाणी त्यांनी लोकांसमोर स्वतः पिऊन दाखवलं, आणि पुरुषांसाठी बाजारात, मशिदीत बैठका घेतल्या. ब्रॅकचे संस्थापक फजले हसन अबेद यांचं मला हेच मोठं वाटतं: पाठांतराचे आकडे चांगले असतानाही त्यांनी वापराचं विचारलं.

आमच्या आराखड्यात तपासणीला एक रुपया नाही. घरं वाढतील, सेविका दारातूनच दोन वाक्यं बोलून पुढे जातील, आणि दोष त्यांच्यावर येईल. मला ते सहन होणार नाही.

नव्या नोकरीचं अभिनंदन. वहिनींची बदली झाली का? धाकटीला पुस्तकं पाठवतोय.

सोबत खर्चाचा तक्ता आहे. प्रवासात, छपाईत हवी तेवढी काटछाट कर, पण तपासनीस वेगळा ठेवण्याचे पैसे त्यातूनच काढून दे. बैठक सोमवारी आहे.

तुझा,
अण्णा