पुराचा रोजमेळ कोण लिहिणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या उंचीच्या वादाची बातमी आपल्या दैनिकात परवा पुन्हा वाचली. कर्नाटकाला धरणाची समुद्रसपाटीपासूनची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचीय, आपल्या राज्याचा विरोध आहे. बातमी येताच आमच्या कट्ट्यावर नेहमीसारखे दोन तट पडले. एक म्हणाला, सांगली बुडते ती अलमट्टीच्या फुगवट्यानं, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्यानं. दुसरा म्हणाला, वरच्या कोयना धरणानं दारं उचलली की बुडते, अलमट्टीचं उगाच नाव. आवाज दोघांचाही चढा होता, कागद मात्र एकाच्याही हातात नव्हता. हे पत्र त्या नसलेल्या कागदाबद्दल आहे.

माझं मारुती चौकाजवळ दुकान आहे. मोटारपंपाचे सुटे भाग, फूटव्हॉल्व्ह, स्टार्टर, पाइप. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं ओढलेल्या तीन रेघा आहेत. सगळ्यांत खालची २००५ ची, वडिलांनी ओढलेली. त्या साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, जिथं आमच्याकडची पुराची पातळी मोजतात, पाणी पावणेचोपन्न फुटांपर्यंत गेलं होतं. पूर ओसरल्यावर वडिलांनी सुताराला बोलावलं आणि त्या रेघेच्या दीड फूट वर फळ्या ठोकून घेतल्या. हिशोब सरळ होता. एवढं पाणी त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच आलेलं, त्यावर दीड फूट जादा धरला की माल सुखरूप.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही रात्र जागून सगळे स्टार्टर, कॉपर वायरची बंडलं, बेअरिंगचे खोके त्या फळ्यांवर चढवले, शटर ओढलं आणि विश्रामबागला भावाकडं गेलो. आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. म्हणजे २००५ पेक्षा पावणेचार फूट वर. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा फळ्या जागेवर होत्या आणि खोक्यांचा लगदा होऊन बेअरिंग चिखलात रुतलेली होती. शेजारच्या बहुतेक दुकानांत हीच कथा, कारण सगळ्यांनीच २००५ ची रेघ प्रमाण मानली होती. दुसरी रेघ याच पुराची, सगळ्यांत वर. तिसरी २०२१ ची, त्या दोघींच्या मध्ये.

एका नोंदीवर आम्ही दुकानाचं धोरण ठरवलं आणि फसलो. सरकारचं धोरण किती नोंदींवर ठरतं, हा माझा प्रश्न आहे. नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. घर बांधायला परवानगी मिळणार की नाही, प्लॉटला भाव किती, हे सगळं त्या दोन रेषांवर. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे गणित मागच्या मोजलेल्या पुरांवरून बसवलेलं असतं. मोजणी अपुरी असली किंवा पावसानंच चाल बदलली, तर रेषा वडिलांच्या फळीसारखी चुकते. सोळा वर्षांत तीन महापूर बघितलेल्या गावाला हे समजावून सांगायला लागू नये.

आणि आमचा पूर आमच्या पावसानं येतच नाही. सांगलीत वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, जत-आटपाडीकडं त्याहूनही रडकथा. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर नोंदला गेला, म्हणजे आमच्या अख्ख्या वर्षाचा पाऊस चोवीस तासांत. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. तिकडचं पाणी कऱ्हाडला कोयनेतून कृष्णेत उतरतं आणि आमच्याकडं येतं. खाली हरिपुरात वारणा मिळते, पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. त्या दोघी तुडुंब असल्या की कृष्णेला पुढं सरकायला वाव राहत नाही. मग नदीपात्रात गाळ किती साचला, पुलांचे भराव किती पाणी अडवतात, ओढे-नाले बुजवून वसवलेल्या कॉलन्यांनी किती पाणी माघारी लोटलं, अलमट्टीत कुठल्या तारखेला किती साठा होता, असे पाचपंचवीस धागे एकात एक गुंतलेले. ते सोडवायला नदीचे आडवे-उभे छेद, म्हणजे पात्राची रुंदी, खोली आणि उतार, दरवर्षी मोजावे लागतात, पाणलोटातला पाऊस तासातासाला लागतो, आणि हे आकडे घेऊन बसणारी पगारी, शिकलेली माणसं लागतात.

इथंच घोडं अडतं. पूर आला की समिती नेमतात, समितीला पैसा मिळतो. पूर विसरला की पैसाही विसरतात. आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला कारकून ठेवायचा नाही आणि दुकान बुडालं की ताळेबंद मांडायला मुंबईहून सीए बोलवायचा. रोजमेळच नाही तर तो बिचारा मांडणार काय?

२०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं अभ्यास केला, २०२० मध्ये अहवाल दिला. त्या पुराचं खापर समितीनं अलमट्टीवर किंवा कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्यावर फोडलं नाही. कट्ट्यावरच्या पहिल्या तटाला ते आजही पटलेलं नाही, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्यांनी घरच्या छपरापर्यंत पाणी पाहिलंय त्यांना निष्कर्षाचं एक वाक्य पुरत नाही, त्यामागचं गणित बघायचं असतं. पुढं राज्यानं अलमट्टीचा अभ्यास रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडं सोपवला. चांगलं केलं. पण त्या अभ्यासातले आकडे, धरलेली गृहीतकं, नकाशे, सगळं लोकांसमोर यायला हवं. नुसता सारांश वाचून दाखवला तर कट्ट्यावरचे तट होते तसेच राहतील. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये सरकारच्या हाती आला होता, तो जनतेसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१२ उजाडलं. आमच्याच कराच्या पैशातून झालेला अभ्यास आम्हालाच कोर्टात जाऊन मागावा लागतो, याला काय म्हणायचं ते आपणच ठरवा.

असं नाही की आपल्याकडं नेटानं अभ्यास होतच नाही. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. वडील सांगायचे, इथं सांगलीतसुद्धा माणसं अंगणात धावली होती. तेव्हापासून कोयना परिसरात भूकंपमापकं वाढली, जलाशयातल्या पाण्याचा आणि धक्क्यांचा संबंध तपासला गेला, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर काम केलं. आता कऱ्हाडजवळ केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे आणि जमिनीत सुमारे तीन किलोमीटर खोल विंधण घेऊन अभ्यास चाललाय. जगभरचे अभ्यासक कोयनेचा दाखला देतात. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून चालू आहे. म्हणजे आमच्या नदीच्या उगमाशी ढग मोजले जातात, तिच्या खोऱ्यात भूकंप मोजले जातात. मधल्या मध्ये नदीकडं मात्र पूर येईल तेव्हा बघू, असा कारभार.

जमिनीवरच्या मोजणीचं एक उदाहरण घरचंच. माझा मेहुणा तासगाव तालुक्यात द्राक्षं करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला, दावण्या हा बुरशीचा रोग आला, आठवड्यात घडांची वाट लागली. हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवलेला होता. विमा कंपनीनं सांगितलं, तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर त्या दिवशी निकषाइतका पाऊस नोंदलेला नाही. केंद्र बागेपासून आठ किलोमीटरवर. आम्ही दोघं मोटारसायकलवरून बघून आलो. कुंपणाला खेटून कुणीतरी कडब्याची गंजी रचलेली आणि एका बाजूला शेवगा वाढून पाऊस मोजायच्या भांड्यावर वाकलेला. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, पाऊस माझ्या बागेत पडला हे मी बघितलं, पण माझ्या बघण्याला विम्यात किंमत नाही. किंमत ह्या शेवग्याखालच्या भांड्याला.’ महसूल मंडळाला एक केंद्र ही सोय पहिल्यापेक्षा बरीच म्हणायची, पण डोंगरउताराच्या तालुक्यात एका शिवारात पाऊस आणि दुसऱ्यात ऊन हे रोजचंच. केंद्र वाढवायला आणि आहेत त्यांच्याभोवतीचा शेवगा छाटायला जो खर्च येईल तोही संशोधनाचाच खर्च. उद्‌घाटनाची फीत मात्र त्याला लागत नाही, म्हणून तो होत नाही.

केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’ मंजूर केलं, दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी. रडार येतील, संगणक येतील, अंदाज सुधारतील. आनंद आहे. पण संशोधन आणि विकासावर आपला देश एकूण उत्पन्नाच्या एक टक्कासुद्धा खर्च करत नाही, ०.६४ टक्क्यांच्या आसपास अडकलाय. त्यात पर्यावरणाच्या वाट्याला काय येणार आणि त्यातून कृष्णेच्या गाळापर्यंत काय झिरपणार? कृष्णा खोऱ्यातल्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून मोठी कामं व्हायची आहेत. त्या खर्चातला ठरावीक हिस्सा मोजणी आणि अभ्यासासाठी बाजूला काढावा, आणि कामं संपली तरी तो चालू राहावा. पैसा सगळा दिल्ली-रुरकीलाच जाऊ नये. आमच्याकडं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विलिंग्डन आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर म्हैसाळपर्यंतची नदी मोजायचं काम तिथल्या मुलांना छात्रवृत्तीसकट द्या. नदी ओळखणारी पिढी गावातच तयार होईल आणि पूर आल्यावर पाहुण्यांना पत्ता विचारत फिरावं लागणार नाही.

कट्ट्यावर हे बोललो तर एकजण उखडला. ‘आधी भरपाई द्या म्हणावं, मग अभ्यास.’ त्याचं चूक नाही. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटून १७ जण बुडाले, त्या घरांसमोर उभं राहून संशोधनाचं व्याख्यान द्यायची माझीही छाती नाही. सानुग्रह अनुदानाच्या रांगेत मीसुद्धा आधार कार्ड घेऊन उभा होतो. पण पुराच्या रात्री आम्ही काय करत होतो ते आठवा. कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती फूट, म्हणून एकमेकांना फोन. व्हॉट्सॲपवर एकाच तासात तीन वेगळे आकडे. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे पोराटोरांना पाठ. पण पंचेचाळीसचे सत्तावन्न कधी होतील आणि माझ्या बोळात पाणी किती वाजता येईल, हे सांगणारं कुणी नव्हतं. ते आदल्या दिवशी कळलं असतं तर निम्मी भरपाई मागायची वेळच आली नसती.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अभ्यास चालू आहे म्हणत निर्णय लांबवायचे, ही सरकारची जुनी खोड. म्हणून पैशाबरोबर तारीख बांधून द्यावी. अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत राज्यानं विधिमंडळात सांगावं, यातलं काय स्वीकारलं, काय नाही आणि का नाही. नाकारायचा हक्क सरकारला आहेच. पण नाकारलं हे तरी छापील दिसू दे.

या पावसाळ्याआधी कोयना ते म्हैसाळ पाण्याचे आणि पावसाचे तासातासाचे आकडे एकाच ठिकाणी, मराठीत, कुणालाही उघडता येतील असे मिळावेत, एवढी मागणी आपल्या दैनिकानं लावून धरावी ही विनंती. दोन्ही राज्यांचे मिळाले तर उत्तमच.

भिंतीवरच्या तीन रेघांची जमिनीपासूनची मापं मी टेपनं घेऊन वहीत लिहून ठेवली आहेत. अभ्यासाला कुणाला हवी असतील तर दुकान सकाळी दहाला उघडतं. सोमवारी बंद.

आपला,
मारुती चौकातला एक दुकानदार, सांगली