वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: हार्टचा ॲमिलॉइडोसिस वेळेत ओळखायला आपल्या डॉक्टरांना शिकवा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी तासगावची. डीएमएलटी करून गेली चौदा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त, लघवी, स्लाईड, स्टेन हेच रोजचं काम. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, टेलर होते. २०२४ च्या श्रावणात ते गेले. सर्टिफिकेटवर हार्ट फेल्युअर लिहिलंय आणि ते खरंच आहे, पण ते फेल्युअर कशामुळे झालं हे कळायला आम्हाला नऊ वर्षं लागली, आणि त्या नऊ वर्षांतली जवळजवळ प्रत्येक खूण आमच्या घरातल्या एकाच फाईलमध्ये होती. आजाराचं नाव कार्डियाक ॲमिलॉइडोसिस, म्हणजे ॲमिलॉइड नावाचं बिघडलेलं प्रोटीन हार्टच्या भिंतीत साठत जाणं. हे पत्र त्या फाईलबद्दल आहे.

सुरुवात हातापासून झाली. काजं करताना आण्णांची बोटं बधिर व्हायची, कात्री हातातून सुटायची, रात्री दोन-दोन वाजता उठून कॉटवर बसून हात झटकत राहायचे. सगळे म्हणाले टेलर माणूस, चाळीस वर्षं मशीनवर बसलाय, हात दुखणारच. कार्पल टनेल निघालं, म्हणजे मनगटातल्या अरुंद जागेत नस दाबली जाणं. २०१४ ला उजव्या मनगटाचं ऑपरेशन, २०१५ ला डाव्या. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आता मला माहितीये की साठीच्या पुढच्या पुरुषाला दोन्ही हातांना कार्पल टनेल होणं ही हार्टच्या ॲमिलॉइडची सगळ्यात आधी दिसणारी खूण असू शकते, कधी कधी पाच-दहा वर्षं आधी दिसते, कारण जे प्रोटीन पुढे हार्टमध्ये साठतं तेच आधी मनगटातल्या त्या अरुंद जागेत साठतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०१८ साली कार्पल टनेलच्या ९८ पेशंटच्या ऑपरेशनमध्ये निघालेला टिश्यू तपासला, त्यात पन्नाशीच्या पुढचे पुरुष आणि साठीच्या पुढच्या बायका होत्या, तर १० जणांमध्ये ॲमिलॉइड सापडलं. आण्णांचा टिश्यू कुठे गेला असेल ते मला माहितीये, बादलीत. तो कुणी फॉर्मेलिनच्या डबीत टाकून आमच्यासारख्या लॅबमध्ये पाठवला असता तर काँगो रेड स्टेन लावून पोलराइज्ड लाइटखाली बघायचं एवढंच काम होतं, ॲमिलॉइड असेल तर हिरव्या सफरचंदासारखी चमक दिसते. हा स्टेन जुना आहे, स्वस्त आहे, माझ्या हाताखालचा आहे.

मग बीपी. आण्णांना बीपीच्या दोन गोळ्या होत्या, २०१९ ला एक झाली, वर्षाच्या आत दुसरीही बंद. बीपी १००/६० यायला लागलं होतं. आईला इतका आनंद झाला, ती सगळ्यांना सांगायची की मी मीठ कमी केलं म्हणून ह्यांच्या गोळ्या सुटल्या. देवपूजा करून उठताना त्यांना चक्कर यायची तर ती वयाची म्हणून सोडून दिली. वीस वर्षांचा बीपीचा पेशंट आपोआप बरा होत नाही, गोळ्या अचानक सोसेनाशा झाल्या तर का ते विचारायला पाहिजे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि गोळ्या बंद करणाऱ्याच्याही डोक्यात आलं नाही.

२०२१ ला दम लागायला लागला, पायावर सूज. ईसीजी झाला, इको झाला, ट्रोपोनिन, म्हणजे हार्टला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन, थोडं वाढलेलं आलं म्हणून अँजिओग्राफी झाली, ती नॉर्मल. इकोच्या रिपोर्टवर काय होतं ते जसंच्या तसं सांगते: भिंत १६ मिलिमीटर, कॉन्सेंट्रिक एलव्हीएच, ईएफ ५५ टक्के, हायपरटेन्सिव्ह हार्ट डिसीज. एलव्हीएच म्हणजे हार्टच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होणं, ईएफ म्हणजे एका ठोक्याला तो कप्पा किती टक्के रक्त बाहेर फेकतो, आणि निष्कर्ष काय, तर बीपीमुळे खराब झालेलं हार्ट. बीपी १००/६० असलेल्या माणसाला! आणि ईसीजीच्या पट्टीवर मशीनने स्वतःहून छापलं होतं, लो व्होल्टेज. साहेब, हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की आजार बोलतो. हार्टची भिंत स्नायू वाढून जाड झाली असेल तर ईसीजीच्या रेषा उंच यायला हव्यात. इथे भिंत जाड आणि रेषा बुटक्या, म्हणजे ती जाडी स्नायूची नाही, आत दुसरंच काहीतरी भरलंय. आण्णांना मी नंतर हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे कॉलरमध्ये बकरम घातल्यासारखं झालंय. अगदी तसंच. बकरम घातलेली कॉलर ताठ राहते, वळत नाही, तसं हे हार्ट आकुंचन बऱ्यापैकी करतं पण सैल पडून रक्त आत घेऊ शकत नाही, म्हणून ईएफ चांगला दिसतो आणि माणूस मात्र जिना चढू शकत नाही. प्रत्येक पेशंटमध्ये व्होल्टेज कमी येत नाही हेही खरं, म्हणून एका खुणेवर थांबायचं नसतं, सगळ्या जुळवायच्या असतात.

त्या दोन वर्षांत आम्ही चार डॉक्टरांकडे गेलो. कुणी वाईट नव्हतं. एकाने हाताकडे बघितलं, एकाने बीपीकडे, एकाने इकोकडे. मधे एकदा डिल्टियाझेम, म्हणजे बीपी आणि हार्टचे ठोके कमी करणारी गोळी, सुरू झालं आणि आण्णा तीन दिवसांत अंथरुणाला खिळले. या आजारात ते आणि त्याच जातीचं व्हेरापामिल टाळायचं असतं हे मला खूप नंतर कळलं.

शेवटी २०२३ मध्ये एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनच्या एका रेसिडेंट मुलीने ओळखलं. रात्रीची ड्युटी होती, ती नाडी बघायला हात हातात घेते आणि विचारते, काका, दोन्ही मनगटांवर टाके कशाचे? मग तिने पूर्ण फाईल मागितली, ईसीजी आणि इको कॉटवर पसरून ठेवले, पाच मिनिटं काही बोलली नाही. आधी रक्तातल्या लाईट चेन (अँटिबॉडी प्रोटीनचे तुकडे) आणि रक्त-लघवीचं इम्युनोफिक्सेशन (असलं बिघडलेलं प्रोटीन शोधायची टेस्ट) करून घेतलं, ते नॉर्मल आल्यावर पीवायपी स्कॅनला पाठवलं, म्हणजे हार्टमध्ये ॲमिलॉइड साठलंय का ते दाखवणारा न्यूक्लिअर मेडिसिनचा स्कॅन. अकरा दिवसांत निदान, बायोप्सी न करता. मी तिला विचारलं तुम्हाला कसं सुचलं, तर म्हणाली एका कॉन्फरन्समध्ये तासाभराचं लेक्चर ऐकलं होतं. नऊ वर्षं एकीकडे आणि एक तासाचं लेक्चर एकीकडे. मी हे पत्र लिहितेय ते ह्या एका वाक्यासाठी.

आण्णांचा प्रकार ट्रान्सथायरेटिनचा होता, लिव्हरमध्ये तयार होणारं प्रोटीन उलगडून हार्टमध्ये साठतं. त्याच्यावर टाफामिडिस नावाचं औषध आहे. २०१८ साली त्याची मोठी ट्रायल छापून आली, ४४१ पेशंट, ३० महिने, औषध घेणाऱ्यांत २९.५ टक्के दगावले आणि न घेणाऱ्यांत ४२.९ टक्के. पण हे औषध साठलेलं काढून टाकत नाही, पुढचं साठणं कमी करतं, म्हणून ज्यांना लवकर मिळालं त्यांना जास्त फायदा. आण्णांना कळलं तेव्हा ते बाथरूमपर्यंत जाताना दोनदा बसत होते.

दुसरा प्रकार एएल, त्यात तर वेळच नसतो. बोनमॅरोतल्या प्लाझ्मा सेल बिघडतात आणि लाईट चेन सोडतात, हार्ट फेल्युअर सुरू झाल्यावर उपचार नाही मिळाले तर साधारण सहा महिन्यांचं आयुष्य. आण्णांच्या शेजारच्या कॉटवर एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. जीभ जाड झालेली, कडेला दातांचे ठसे, डोळ्यांभोवती मार लागल्यासारखे जांभळे डाग, लघवीला फेस. डागांसाठी त्यांना स्किनवाल्याने क्रीम दिलं होतं, फेसासाठी किडनीवाल्याकडे, दमासाठी हार्टवाल्याकडे, तीन फाईली तीन पिशव्यांत. आणि एएलवरची औषधं परग्रहावरची नाहीत हो, बोर्टेझोमिब आपल्याकडे मायलोमाला, म्हणजे प्लाझ्मा सेलच्या कॅन्सरला, वर्षानुवर्षं देतात, डॅराटुमुमॅबला अमेरिकेत २०२१ मध्ये ह्या आजारासाठी मंजुरी मिळाली. मावशींना पहिलं इंजेक्शन मिळालं, दुसऱ्याची वेळ आली नाही.

एमबीबीएसला ॲमिलॉइड शिकवतात, नाही असं नाही. आमच्या लॅबचे पॅथॉलॉजिस्ट सर सांगतात की परीक्षेला सागो स्प्लीन हमखास विचारतात, साबुदाण्यासारखी दिसणारी प्लीहा, आणि टीबीनंतर खराब झालेली किडनी. आपल्याकडे टीबी इतका होता की ॲमिलॉइड म्हटलं की तेच डोक्यात बसलं. हार्टवाला ॲमिलॉइड म्हणजे म्युझियममधली दुर्मिळ गोष्ट, आपल्या ओपीडीत येणार नाही, असं समजून पोरं पास होतात. आणि जो शोधतच नाही त्याला सापडणार कसा, मग तो दुर्मिळच राहतो.

म्हणून साहेब, मला तुमच्याकडे मशीन मागायचं नाही. ईसीजी तालुक्याला आहे, इको जिल्ह्याला आहे, न्यूक्लिअर मेडिसिन मोठ्या शहरात आहे. मला शिकवणं मागायचंय. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायला डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, त्यातला एक तास ह्या आजाराचा ठेवा, मराठीतून ठेवला तरी चालेल, खऱ्या फाईली समोर ठेवून. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मेडिसिनच्या एमडीला एखादी अशी केस परीक्षेत द्यावी, परीक्षेत येतं ते पोरं वाचतात हे तुम्हाला मी काय सांगू. ऑर्थोपेडिकच्या डॉक्टरांना विसरू नका, सगळ्यात आधी पेशंट त्यांच्याच हाती येतो, दोन्ही हातांचं कार्पल टनेल असलेला वयस्कर पेशंट आला की टिश्यू लॅबला पाठवायचा आणि दम लागतो का एवढं विचारायचं, बस. इको करणाऱ्यांना सांगा की भिंत १२ मिलिमीटरच्या वर असेल तर रिपोर्ट लिहायच्या आधी ईसीजी मागा. स्ट्रेन, म्हणजे भिंतीचा कुठला भाग किती हलतो त्याचं इकोवरचं मोजमाप, काढता येत असेल तर काढा, ह्या आजारात हार्टचं टोक चांगलं हलतं आणि बाकीच्या भिंती मंदावतात, स्क्रीनवर ते चित्र एकदा बघितलं की विसरत नाही.

आणि एक गोष्ट अर्धवट शिकवू नका, हात जोडून सांगते. नुसता पीवायपी स्कॅन पॉझिटिव्ह आला म्हणून ट्रान्सथायरेटिन समजायचं नाही, एएलमध्येही तो कधी कधी पॉझिटिव्ह येतो, आणि तेव्हा लाईट चेन बघितल्या नसतील तर पेशंटचे सहा महिने चुकीच्या रांगेत जातात. साध्या इलेक्ट्रोफोरेसिसवरही, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगळी करून पट्टीवर बघायच्या टेस्टवरही, विसंबायचं नाही, एएलमध्ये बिघडलेल्या पेशी थोड्याच असतात, पट्टी साफ दिसते. फ्री लाईट चेनची टेस्ट जिल्ह्यात होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं आणि काही हजार खर्च येतो. तो खर्च सरकारी मेडिकल कॉलेजच्या पेशंटला तरी पडू नये अशी सोय करा. जिल्हा रुग्णालयं आरोग्य खात्याकडे येतात हे मला माहितीये, पण पेशंट दोन्ही खात्यांत फिरतो, तुम्ही दोघा मंत्र्यांनी एकत्र बसून ठरवलं तर होईल.

कुणी म्हणेल टाफामिडिस एवढं महाग, निदान करून काय करणार. मला हे अजिबात पटत नाही. निदान झालं असतं तर आण्णांना डिल्टियाझेम मिळालं नसतं, अँजिओग्राफीला उसने पैसे लागले नसते. काही घरांत हा आजार जीनमधून येतो, तिथे भावंडांची, मुलांची टेस्ट करता येते. आमच्याकडे जीन टेस्ट निगेटिव्ह आली, तो कागद हातात आल्यावर माझा भाऊ पहिल्यांदा नीट झोपला. आणि औषध कधी स्वस्त झालंच तर ते द्यायला पेशंट कोण आहेत हे आधी माहीत असायला नको का?

सोबत आण्णांच्या फाईलची झेरॉक्स जोडतेय, नाव खोडून, २०१४ च्या ऑपरेशनच्या कागदापासून पीवायपी स्कॅनपर्यंत तारखेप्रमाणे लावलीये. शिकवायला वापरा, आईची परवानगी घेतलीये. ईसीजीची मूळ पट्टी थर्मल कागदावर असते, दरवर्षी फिकट होत जाते, म्हणून तिची झेरॉक्स जरा गडद काढून घेतलीये. वरच्या डाव्या कोपऱ्यात लो व्होल्टेज वाचता येतं.

आपली,
तासगावची एक लॅब टेक्निशियन