हजेरीची वही : बाईंना एक अनावृत पत्र

पुणे

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमचे नाव कोठेही छापून येऊ नये, अशी अट तुम्ही घातली होती, ती मी पाळते आहे. मात्र पत्र लिहू नकोस असे तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे. घरी येऊन आभार मानावेत, तर तुम्ही विषय बदलून चहाचे आधण ठेवता, हा अनुभव मला तीन वेळा आला आहे.

मी नगरची, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ज्या गावात अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये काम सुरू केले, जेथून 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागले आणि ज्याच्या गल्ल्यांतून ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वावरले, त्या गावात मराठी असणे आणि ख्रिस्ती असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला लहानपणी कधी वाटलेच नाही. शब्बाथशाळा (मुलांची रविवारची धर्मशिक्षणाची शाळा), पेटी-तबल्यावरची टिळकांची गीते, हंगामाच्या सणाला चर्चमध्ये आणलेले ज्वारीचे कणसे लागलेले ताट आणि पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) पहाटे निघणारी प्रभातफेरी, हे सारे शेजारच्या घरातल्या दिवाळीइतकेच ओळखीचे होते. 2018 मध्ये नोकरीसाठी पुण्यात आल्यावर मात्र नाताळची रजा मागितली की, ‘मग तुम्ही घरी कोणती भाषा बोलता?’ असे कोणीतरी विचारी, आणि रविवारी ज्या मोठ्या इंग्रजी उपासनेला मी जात असे, तेथेही मी तितकीच परकी होते. त्या चर्चमध्ये गायन उत्तम होते, प्रवचन अभ्यासपूर्ण होते, उपासनेच्या मध्यावर सगळे एकमेकांशी हसून हस्तांदोलनही करीत. परंतु आठ महिन्यांत मला माझे नाव कोणी विचारले नाही. नवव्या महिन्यात मी जाणे बंद केले आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. त्या मंडळीला, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांना, मी दोष देत नाही, कारण मीही कोणाचे नाव विचारले नव्हते.

मग मी मोबाईलवर आधार शोधू लागले. रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर छापलेले वचन येई, रात्री दूरदूरच्या उपदेशकांची प्रवचने ऐकत मी झोपत असे, आणि त्यांतले काही जण ‘आमेन’ लिहून पाठवा, आशीर्वाद तुमच्या दारी येईल, असे सांगत असल्यामुळे मी तेही निमूटपणे लिहून पाठवीत असे. ऐकलेल्यातले सगळेच उथळ होते असे नाही. काही प्रवचनांनी मला खरोखर सावरले. पण एकदा तापाने चार दिवस पडून असताना ध्यानात आले की, ज्यांचा आवाज मी दररोज ऐकते, त्यांपैकी एकालाही मी आजारी आहे हे कळण्याची सोय नाही.

टाळेबंदी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा नगरच्या माझ्या आत्याकडून नंबर घेऊन तुम्ही फोन केलात. स्वतःची ओळख करून दिल्यावर तुम्ही वचन सांगितले नाही की प्रार्थनाही केली नाही. घरात तांदूळ, डाळ आणि गॅस किती आहे, हे विचारलेत. त्यानंतर तुम्ही मला तुमच्या ‘फोनवरच्या वर्गात’ घेतलेत. तुमच्या मंडळीतल्या अनेक वृद्धांकडे साधे बटनांचे फोन होते आणि त्यांवर एका वेळी चार-पाच जणांनाच जोडता येत असल्यामुळे, तुम्ही तीस-पस्तीस माणसांचे गट पाडून रोज संध्याकाळी एकामागून एक फोन लावत होता. ज्यांच्याकडे स्मार्टफोन होते त्यांच्यासाठी रविवारी झूमवर उपासना होई. ती चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडत असल्यामुळे पाळकसाहेबांचे प्रवचन आटोपशीर झाले, हा त्या दिवसांतला एक छोटासा उपकार म्हणायला हरकत नाही.

झूमवर सर्वांनी मिळून गाता येत नाही, हे आपल्याला पहिल्याच रविवारी कळले. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या क्षणी पोहोचे, आणि टिळकांच्या ओवीची चाल पार विस्कटून जाई. शेवटी एकाने गायचे आणि बाकीच्यांनी आपला माईक बंद ठेवून आपापल्या घरात गायचे, असे ठरले. 12 एप्रिल 2020 रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, पडद्यावर बावीस चौकटींत बावीस तोंडे हलत होती आणि ऐकू मात्र तुमचा एकटीचा, थोडा कापरा आवाज येत होता. मी त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने गायले. दोन वर्षांत प्रथमच मी मराठीत गात होते.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीबद्दल, आपल्या मंडळीत तेव्हा वाद झाला, तोही मला आठवतो. घरी भाकर आणि द्राक्षरस घेऊन पडद्यासमोर बसावे, असे काहींचे म्हणणे होते. इतर ठिकाणी तसे होतही होते आणि त्यामागची तळमळ खरी होती. तुम्ही मात्र म्हणालात की, योहानाने आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, लिहायचे पुष्कळ आहे पण ते कागदाने आणि शाईने नको, तोंडोतोंड बोलू, असे कळवले आहे, आणि आपणही एवढ्या एका गोष्टीसाठी थांबू. नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांपैकी एकवीस पत्रेच आहेत, म्हणजे दूर असलेल्या माणसाने धीर देणे हे मंडळीला पहिल्यापासून ठाऊक आहे; पण त्या पत्रांतूनही भेटीची आस कशी पुन्हा पुन्हा डोकावते, हे मी तुमच्यामुळे पाहू लागले. तुमचा निर्णय मला तेव्हा कठोर वाटला होता. आज तो पटतो.

जुलैमध्ये माझे वडील नगरला प्रभूमध्ये निजले. जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी ई-पास लागत होता आणि तो हाती येईपर्यंत दफनविधी उरकलाही होता. सहा-सात माणसांनी, घाईघाईने. त्या रात्री मला सांत्वनाचे साठ-सत्तर संदेश आले असतील, आणि बहुतेकांत एकच वचन होते. तुम्ही फोन करून फक्त विचारलेत, ‘पप्पांना कोणतं गीत आवडायचं?’ दुसऱ्या संध्याकाळी तुमच्या वर्गातल्या चार आजी, ज्यांना मी कधी पाहिलेही नव्हते, बटनांच्या फोनवर ते गीत आळीपाळीने एकेक कडवे म्हणत होत्या. शेवटच्या आजी चाल विसरल्या आणि त्यांनी ते कडवे नुसते वाचून दाखवले. माझ्या वडिलांची खरी अंत्यविधीची उपासना तीच, असे मी आजही मानते.

पुढे 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हा मी जाणार नव्हते. फोनवरची मंडळी मला पुरेशी होती. खरे सांगायचे तर तीच सोयीची होती, कारण तेथून हवे तेव्हा निघून जाता येत असे. तुम्ही ते ओळखलेत. पासष्ट वर्षांवरील माणसांनी घरीच राहावे अशी सूचना असल्याने तुम्हांला स्वतःला येता येत नव्हते, म्हणून तुम्ही मला हुकूमच सोडलात की, मी येऊ शकत नाही तेव्हा माझ्या जागी तू जा, दुसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या बाकावर बस, आणि कोण आले, कोण आले नाही, ते मला दुपारी सांग. मी 22 तारखेला गेले. सामुदायिक गायनाला परवानगी नव्हती, मुखपट्ट्यांमुळे चेहरे कळत नव्हते, बाकांवर फुल्या मारलेल्या होत्या. तरीही प्रत्येकाचे नाव तुम्हांला सांगायचे असल्यामुळे मला प्रत्येकापाशी जाऊन ते विचारावे लागले. परत आले तेव्हा मला एकोणीस नावे पाठ होती, आणि एकोणीस जणांना माझे.

तुमची ती युक्ती होती की खरोखरीच तुम्हांला यादी हवी होती, हे मी कधी विचारले नाही. मला आपलेपणा मिळाला तो कोणी मला आपलेपणाने वागवले म्हणून नव्हे, तर कोणीतरी माझ्यावर काम सोपवले म्हणून. चहासाठी दूध आणणे, सतरंज्या झटकणे, महिला मंडळाचा हिशेब, शब्बाथशाळेतली मुले. एकेक करून तुम्ही सगळे माझ्या गळ्यात घातलेत. स्वागत करणारी माणसे पुष्कळ भेटली होती, पण ‘तू आली नाहीस तर दूध कोण आणील?’ असे मला तुमच्याखेरीज कोणी म्हटले नव्हते.

तुमच्या आजी बायबलबाई होत्या, खेडोपाडी पायी फिरून बायकांना वाचायला शिकवीत आणि शुभवर्तमान सांगत, हे तुम्ही एकदा ओझरते सांगितले होते. त्यांच्याकडेही अशी वही असेल का, असे माझ्या मनात येते. तुमची दोनशे पानी वही मला ठाऊक आहे: शाळेतल्या हजेरीपटासारखे रकाने, प्रत्येक नावापुढे रविवारच्या तारखा, न आलेल्यांपुढे लाल फुली, आणि फुलीशेजारी बारीक अक्षरात कारण: ‘गुडघा’, ‘सून बाळंत’, ‘रुसला आहे’. मंडळीतल्या एका तरुणाने हे सगळे मोबाईलवर करून देतो म्हटले, तेव्हा तुम्ही त्याला केवळ लाल पेनाच्या रिफिली आणायला पाठवलेत. माझ्या नावापुढे पहिल्या वर्षी अकरा फुल्या आहेत, आणि त्या अकराही रविवारी दुपारी दोनच्या आत तुमचा फोन आला होता.

यंदा जानेवारीत जिने चढवत नाहीत म्हणून ती वही तुम्ही माझ्या हाती दिलीत. तेव्हा मला काहीच बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. बाई, मी तुमची मनःपूर्वक आभारी आहे.

एक गोष्ट कळवायची राहिली. गेल्या दोन रविवारी तुमच्या नावापुढे फुली पडली आहे आणि कारणाचा रकाना मोकळा आहे. येत्या रविवारी मी दहा वाजता रिक्षा घेऊन खाली उभी राहीन, आणि जिना उतरायला शब्बाथशाळेतली दोन धट्टीकट्टी मुले वर पाठवीन. त्यांना चहात गुंतवू नये, ही विनंती.

तुमची,
दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ बसणारी