बाबा, लघवीची गोळी चुकवू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांच्या हृदयाच्या औषधांचा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय.

गावच्या यात्रेला जाताना बाबांनी दोन दिवस लघवीची गोळी घेतलीच नाही, हे आईकडून कळलं. एसटीत पंचाईत होते म्हणून. बाबा, ३१ वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाची ही अडचण मला कळते. पण तिसऱ्या दिवशी पायावर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उठला आणि वजन ६१ चं ६३ झालं, ते यात्रेतल्या जेवणानं नव्हे. ते पाणी होतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवा, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय. तो कागद तुम्ही एलआयसीच्या पॉलिसींमध्ये जपून ठेवलाय!

डॉक्टरांना मी विचारलं. प्रवासाच्या दिवशी ती गोळी सकाळऐवजी पोचल्यावर दुपारी घेतली तरी चालेल. बुडवायची मात्र नाही. आणि रात्री नको, नाहीतर झोपेचं खोबरं.

आई, 'फेल' हा शब्द तुझ्या मनातून जात नाही. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही गं. ते गरजेइतकं रक्त पुढे ढकलू शकत नाही, मग पाणी फुप्फुसांत आणि पायांत साठतं. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ३० आलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे सत्तर टक्के गेलंच." तसा हिशोब नसतो. धडधाकट माणसाचंही शंभर नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. औषधं नेमानं घेतली तर कित्येकांचं वाढतंही.

खरं निदान तूच केलंस. आधीच्या दवाखान्यात तीन महिने ॲसिडिटीवर भागवलं. मीही फोनवर "वय झालं आता" म्हणाले होते, ते अजून टोचतं. आडवं पडलं की दम लागतो म्हणून एका उशीच्या तीन झाल्या, पहाटे हे खुर्चीत बसून झोपतात, असं तू सांगितलंस तेव्हा इथल्या डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा कितीतरी वेळ तसाच राहिला. मग एको आणि हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची बीएनपी तपासणी.

"मला साखर नाही, मग साखरेची गोळी कशाला?" बाबा, डापाग्लिफ्लोझिन निघाली मधुमेहासाठीच. पण २०१९ च्या डापा-एचएफ अभ्यासात मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही तिचा फायदा दिसला. त्यामुळे ती बाजूला काढून ठेवू नका. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मात्र परस्पर आणायचं नाही. त्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात.

काकू सैंधव चालतं म्हणते, पण तेही मीठच. 'लो सोडियम' मीठही नको. त्यात पोटॅशियम असतं आणि बाबांच्या एका गोळीनं ते आधीच वाढू शकतं.

वजनकाटा मोरीच्या दाराशी ठेवलाय. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी उभं राहायचं आणि आकडा डायरीत लिहायचा. तिकिटांचा हिशोब कधी चुकला नाही तुमचा.

शनिवारी येतेय. आई, लोणच्याची बरणी तोवर माळ्यावर टाक. मी येईन तेव्हा माझ्यासाठी थोडं काढून ठेव, बाबांसमोर नको.

तुमची,
ताई