इशारा पातळी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "दमलो बाबा" म्हणालीस, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. जर्मनीत लाइपझिगला गेल्यापासून तुझं "मी येते, मी बसते" चाललेलं असतं. कोल्हापूरच्या पोरीच्या तोंडात "दमलो" परत आलं, म्हणजे ते थेट पोटातून आलं. वर व्हिडिओत चहाचा कप डाव्या हातात. तू डावखुरी कधीपासून झालीस? आईला बोललो, तर ती म्हणे झोप झाली नसेल. शेवटी काल रात्री तू सगळं सांगितलंस. उजवी करंगळी नि तिच्या शेजारचं बोट ऐकत नाही, ठणका कोपरापर्यंत जातो, पियानोची स्पर्धा तीन आठवड्यांवर, आणि शिकवणाऱ्या बाईंना यातलं काहीच माहीत नाही. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी कुस्ती का सोडली, तर "खांदा निखळला", एवढंच तुला ठाऊक आहे. त्याच्या आधीचं सांगितलेलं नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा. जत्रेच्या मैदानात चांगली जोड नेमली होती. आठ दिवस आधी तालमीत जोर मारताना उजव्या खांद्यात कळ आली. वस्तादांना सांगितलं असतं तर त्यांनी जोड मोडली असती, म्हणून गप्प बसलो. रात्री आंबेहळदीचा लेप आणि पहाटे नेहमीपेक्षा जास्त जोर. वाटायचं, दुखणं घामावाटे निघून जाईल. मैदानात समोरच्यानं हात धरून नुसता हिसका दिला. डावसुद्धा नव्हता तो. वस्ताद दवाखान्यात आले, उशाशी बसले आणि म्हणाले, "मला का सांगितलं नाहीस?" बाकी काही बोलले नाहीत. लहानपणी तुला मी कायम डाव्या खांद्यावर घ्यायचो. ती तुझी ठरलेली जागा आहे, असं तुला वाटायचं.

दिवाळीत तू त्या अमेरिकन पियानोवादकाचं, लिऑन फ्लायशरचं सांगितलं होतंस. तेव्हा मी चिवडा खात नुसती मान हलवली, पण नंतर मोबाईलवर मिळेल ते वाचून काढलं. ऐन भरात, 1964 च्या सुमाराला, त्याच्या उजव्या हाताची हीच दोन बोटं आत वळायला लागली. गड्यानं काय केलं? आणखी रियाज. बोटं आणखी आवळली. पुढं तीसेक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं वाजवत, शिकवत, वाद्यवृंद चालवत राहिला. दोन्ही हातांनी परत वाजवायला 1990 नंतरचा काळ उजाडला. तुझं दुखणं तेच आहे असं मी म्हणत नाही, मी काही डॉक्टर नाही. पण आणखी रियाज करून बघू, हे जे तू काल म्हणालीस ना, ते ऐकून माझाच खांदा ठणकला.

आणि तुझ्या लाइपझिगचीच क्लारा शूमान घे. 1828 साली, नऊ वर्षांची असताना, ती तिथल्या गेवांडहाउस या मैफलीच्या सभागृहात पियानो वाजवायला बसली. नवरा गेल्यावर पोरांचा सगळा संसार तिनं पियानोवर ओढला. शेवटची जाहीर मैफल 1891 सालची. म्हणजे साठ वर्षांच्या वर झाली. मधे हात दुखावला तेव्हा तिनंही मैफली थांबवल्या होत्या. तिच्या नवऱ्यानं, रॉबर्टनं, मात्र तरुणपणीच उजवा हात बिघडवून घेतला आणि त्याचं पियानोवादक व्हायचं राहून गेलं. एकाच घरातली दोन माणसं ही.

तुझा धंदा कुस्तीपेक्षा अवघड आहे, हे मला उशिरा पटलं. मैदान बदललं की माती बदलते. कुठं ताक-तेल जास्त, कुठं हळद कमी, पाय वेगळा पडतो. पण माती ती मातीच. तू मात्र जाशील तिथल्या अनोळखी पियानोशी तास-दोन तासांत जुळवून घेणार, आणि मग समोर कागद न ठेवता सगळं पाठ वाजवणार. सतारवाला आपली सतार तरी काखेत घेऊन येतो. तुझं स्वतःचं म्हणून मंचावर काय येतं? हेच दोन हात.

इथं धो धो चाललंय. काल राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली. ही इशारा पातळी. धोका 43 ला. पण 2019 चा महापूर बघितल्यापासून नदीकाठची माणसं 43 ची वाट बघत नाहीत, 39 लाच गाद्या आणि तांदूळ माडीवर चढवतात. कालपासून तेच चाललंय, आत्याकडचा फ्रीज मीही उचलायला गेलो होतो. डाव्या खांद्यावरून. तुझा हात 39 वर आहे, मनू.

सोमवारी बाईंना सांग. रागावल्या तर रागावू देत. त्या हाताच्या डॉक्टरकडे पाठवतील, तिथं जा. स्पर्धा सोडायची की नाही, ते बाई आणि डॉक्टर ठरवतील. तू एकटीनं ठरवायचं नाहीस. पैशाची काळजी करू नकोस, बघतो मी.

तुझ्या पियानोत पावसाळ्याचा बल्ब लावलाय, चाळीसचा. दमट हवेनं तरी दोन पट्ट्या फुगल्याच. दाबल्या की खालीच बसतात, वर येत नाहीत. आई म्हणाली, जरा जोरानं दाबून बघा. मी झाकण लावून टाकलं. नवरात्राच्या आधी पुण्याहून ट्यूनर येणार आहे, तोवर कुणाला हात लावू देत नाही.

सोमवारी रात्री फोन कर. बाईंना सांगून झाल्यावर.

तुझा,
बाबा