उभी बाटली, आडवी बाटली

वेंगुर्ला,
२४ एप्रिल २०१९

प्रिय दिन्या,

काल आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं. बोटावरची शाई ताजी आहे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणे. मी चष्मा घरी विसरलो होतो, सातही सेकंद फुकट.

तुझं पत्र मिळालं. ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्यावर, पुन्हा सार्वमत नको म्हणतोस. एवढा तावातावाने तू कॉलेजातसुद्धा भांडला नव्हतास. ‘एकदा कौल दिला की दिला, पुन्हा विचारणं हा मतदाराचा अपमान.’ बरं. पण तुमच्या पंतप्रधान मेबाईंनी बाहेर पडायचा करार १५ जानेवारी, १२ मार्च आणि २९ मार्च असा तीनदा खासदारांसमोर मांडला आणि तीनदा आपटला. खासदारांना तीनदा विचारलेलं चालतं, मग लोकांना दुसऱ्यांदा विचारलं तर कोणाचं नाक कापलं जातं?

आमच्याकडचं सांगतो. आपल्या वाडीजवळचं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान मागितलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. तारीख पडली ऐन लावणीच्या दिवसांत. चिखलाचे पाय घेऊन बायका रांगेत उभ्या राहिल्या. आलेल्यांपैकी बहुतेकींनी बाटली आडवी केली, तरी पाच मतं कमी पडली. कारण निम्मी नावं मुंबईत, आणि न आलेली प्रत्येक चाकरमानीण आपोआप उभ्या बाटलीची. आमची ही आता म्हणते, पुन्हा घ्या, मे महिन्यात, मुंबईची माणसं गावात असताना. मी म्हटलं, ही तर सोयीची तारीख शोधणं झालं. तर म्हणते, “आणि पयली तारीख कोणाच्या सोयीची होती?”

मला उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

आमच्या मापाने मोजलं तर २०१६ च्या सार्वमतात ‘बाहेर’ म्हणणारे तुमचे १ कोटी ७४ लाख म्हणजे एकूण मतदारांचे जेमतेम ३७ टक्के. एक दारूचं दुकानसुद्धा बंद झालं नसतं! पण तो वाद मी ताणत नाही. नियम आधी ठरला होता, आणि हरल्यावर पट्टी बदलणं मलाही पटत नाही.

गोव्याची गोष्ट मात्र तुझ्या बाजूची आहे, ती मीच काढतो. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. पेडण्याच्या आत्याने फूल मारलं आणि फूल ३४,०२१ मतांनी पडलं. दोनच महिन्यांनी त्याच गोवेकरांनी विलीनीकरणवाल्या बांदोडकरांचा पक्ष पुन्हा निवडून आणला, पण कौल फिरवा असं काही त्यातून झालं नाही. आत्या मरेपर्यंत कुरकुरली, एवढंच.

फरक इथे आहे, दिन्या. महाराष्ट्र म्हणजे काय हे आत्याला तेरेखोलची खाडी तरीतून ओलांडली की दिसत होतं: इकडचे रस्ते, इकडची शाळा, इकडची दारूबंदी. फूल आणि पानं, दोन्ही तिने डोळ्यांनी बघितली होती. २०१६ साली तुमच्या मतपत्रिकेवर ‘बाहेर’ एवढंच होतं. बाहेर कुठे? नॉर्वेसारखं, युनियनबाहेर पण त्यांच्या बाजारात, की एकदम उघड्यावर? आयर्लंडच्या सरहद्दीवर पुन्हा नाकी बसणार का? हे तेव्हा मागणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आता करार छापून समोर आहे. ‘हा करार की आहे तिथेच?’ हा प्रश्न जुना नाहीच मुळी. आयर्लंडने २००८ साली युरोपियन युनियनचा लिस्बन करार सार्वमतात नाकारला. मग युरोपियन कमिशनवर स्वतःचा कमिशनर राहील वगैरे हमी पदरात पाडून घेतल्या आणि २००९ साली ६७ टक्क्यांनी होकार दिला. त्या लोकांचा कोणी अपमान केला असं मला वाटत नाही.

काही न बदलता तेच पुन्हा विचारायचं असेल, तर मी तुझ्याबरोबर. १ एप्रिलला तुमच्या पार्लमेंटात करार लोकांपुढे ठेवायची सूचना २८० विरुद्ध २९२ अशी पडली, म्हणजे तूर्त तू जिंकलायस.

एक विचारू? भारतीय पासपोर्ट असून राष्ट्रकुलातला म्हणून तुला तिथे मत देता आलं. पण खूण कुठे केलीस ते तीन वर्षांत तोंडातून काढलं नाहीस. २०१४ च्या मेमध्ये युरोपने आपल्या हापूसवर बंदी घातली, तेव्हा फोनवर तू ब्रुसेल्सचं जे काही काढलं होतंस ते मी विसरलेलो नाही. आमची ही पैजेवर सांगते की तू आंब्यापायी बाहेर पडलास.

यंदा आंबा कमी आहे. शेजाऱ्यांचा मुलगा १० तारखेला लंडनला निघतोय, दोन डझन देतो. खरं काय ते लिहिलंस तर तीन.

तुझा,
बाळू